हातकुऱ्हाड ते हातपंप : माणसाच्या अवजारांची गोष्ट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आदिमानव ते आजचा माणूस'. लाखो वर्षं एका तासात बसवायची म्हणजे नुसत्या सनावळ्या होतील. म्हणून आपण असं करू. जिथे बसलो आहोत त्या वारंगा फाट्यावरूनच बघू, आणि शक्यतो आपल्या ओळखीच्या वस्तूंवरून बोलू.

हा फाटा म्हणजे काय? नांदेडकडून आलं की डावीकडे कळमनुरी, हिंगोली, वाशीम, अकोला आणि उजवीकडे हदगाव, यवतमाळ, नागपूर. कागदावर हे राष्ट्रीय महामार्ग 161 आणि 361. डांबराच्या खाली मुरूम आहे, मुरुमाच्या खाली काळा दगड. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटीचे प्रकार सापडतात. पोरं खेळायला उचलतात ना, तेच. आपल्या पूर्वजांनी त्यापासूनच पाती काढली.

नेवाशाजवळ प्रवरेकाठी आणि नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. गोदावरी म्हणजे आपलीच नदी. हातकुऱ्हाड दोन्ही बाजूंनी घडवलेली असते. म्हणजे दगड फोडण्याआधीच तिचा आकार घडवणाऱ्याच्या डोक्यात होता. आमच्या मते माणसाच्या तंत्राची सुरुवात इथे आहे, हत्यारात नव्हे. पुढे चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. पोट भरायला मणी लागत नाहीत. तरी कुणीतरी बसून त्यांना भोकं पाडली. याला संस्कृती म्हणायचं.

आता इनामगावला जाऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने 1968 पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. चौकोनी घरं, कुडाच्या-मातीच्या भिंती, धान्याच्या कणग्या, कुंभाराची भट्टी. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे तिथे पाण्यासाठी चर खोदलेला होता, बांध घातलेला होता. तीन हजार वर्षांपूर्वी!

पण शेवटच्या काळात काय दिसतं? चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, शेळ्या-मेंढ्यांवरचा आणि शिकारीवरचा भर वाढतो. शेवटी गाव ओस पडतं. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण घरं लहान झाली हे तर जमिनीतच दिसतं. शाळेच्या पुस्तकात एक चित्र असतं बघा, वाकलेला माकडासारखा माणूस हळूहळू ताठ होत जातो. त्यामुळे आपल्याला वाटतं, माणूस कायम पुढंच जातो. इनामगावचा माणूस मागं गेला होता. त्याची अक्कल कमी झाली नव्हती.

लोखंड आलं, विदर्भात नायकुंडला ते गाळायची भट्टीच सापडली, मग सातवाहन, पैठण, तेर, व्यापार. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, आपण पुढे सरकू.

तिफण किती जणांकडे आहे अजून? हात वर करा. बरं. एक चाडं, तीन नळे, तीन फण. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांवर बियाणं किती पडायचं ते ठरायचं. मागे सरता बांधला की त्याच फेरीत तुरीचा तास निघायचा. इंग्लंडात जेथ्रो टल यांच्या पेरणी यंत्राचं साल 1701 म्हणून मुलांना पाठ करायला लावतात. मूठ धरणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं आणि तिचं ते कसब बिनकामाचं झालं. तीच बाई आता खुरपायला जाते. यंत्र वाईट असं आम्ही म्हणत नाही. पण हिशेब मांडताना हाही खर्च धरावा.

आता मराठवाड्याने जगाला दिलेली एक गोष्ट, जी मराठवाड्यातच कुणी सांगत नाही. दुष्काळात खडक फोडून बोअर घेणारी यंत्रं आली, त्यावर बिडाचे हातपंप बसवले. ते पंप एका घराला पुरावेत असे बनवलेले होते. गावात त्यावर पहाटेपासून रांग. खिळ ढिली व्हायची, दांडा मोडायचा, पंप बंद. मग जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून पोलादी पंप तयार झाले. दांडा एकाच आसावर फिरणारा, झिजणारे सांधे कमी. त्या धड्यांवरून, युनिसेफच्या मदतीनं, 1970 च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' हा पंप ठरला. त्यावर कुणाचा मालकी हक्क ठेवला नाही, म्हणून कुठल्याही कारखान्याला तो बनवता आला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तोच आहे. त्याचा दांडा बायाबापड्या आणि लेकरं हलवणार, हे बनवणाऱ्यानं आधी धरलं होतं.

आणि हळद? पूर्वी कढईत गड्डे शिजवायचे, वर पाला, गोणपाट, खाली जाळ, धुरानं डोळे लाल. आता वाफेचा बॉयलर, मग पॉलिशचा ड्रम. वेळ वाचला, जळण वाचलं. पण हळद शेतात नऊ महिने पाणी मागते. इसापूर धरणाचा कालवा जिथे पोचत नाही, तिथे ती बोअरचं पाणी पिते.

इथे एक चिठ्ठी आली आहे. ‘आमच्या वस्तीचा हातपंप मार्चनंतर नुसता वाजतो, पाणी येत नाही. काढून टाकावा का?’ काढू नका. मार्क टू साधारण 45 मीटरपर्यंतचं, म्हणजे दीडशे फुटांचं पाणी उचलतो. शेजारची मोटार त्याच्या कितीतरी खालून ओढते. आधी पंप वर उचलायला लावून दोरीला वजन बांधून पातळी मोजा. पाणी नळीच्या जरा खालीच असेल आणि बोअर खोल असेल, तर मिस्त्रीला आणखी पाइप जोडायला सांगा. पातळी त्याहून खाली असेल, तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा मोजा. तेव्हा पाणी वर आलेलं दिसलं, तर पंप चांगला आहे आणि उन्हाळ्यात पाणी कोण नेतं ते ग्रामसभेत विचारायचं आहे. मोजलेले दोन्ही आकडे तारखेसह लिहून न्या.