मदरबोर्डवरील आवाज करणारा पंखा बदलणे

संगणक सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे घरघर होते आणि मग आवाज बसतो, असे होत असेल तर दोष बहुधा पंख्याच्या बेअरिंगमध्ये असतो. थंड असताना घट्ट झालेले वंगण गरम झाल्यावर पातळ होते, एवढेच. पंखा पूर्ण अडकला की आवाज कायमचा थांबतो आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो.

मदरबोर्डच्या चिपसेटवर छोटा पंखा असणारे बोर्ड मोजकेच. 2004-05 च्या सुमारास एनफोर्स-4 चिपसेटच्या अनेक बोर्डांवर तो होता. नंतर जवळजवळ दिसेनासा झाला आणि 2019 मध्ये एएमडीच्या एक्स570 बोर्डांबरोबर परतला. हा चिपसेट सुमारे 11 वॅट उष्णता देतो.

आता एक हिशेब करू. चिपचे तापमान म्हणजे कॅबिनेटमधल्या हवेचे तापमान, अधिक वॅट गुणिले उष्णतारोध. पंखा चालू असताना उष्णतारोध प्रतिवॅट 3 अंश आणि बंद पडल्यावर 6 अंश धरा. तुमची खोली लखनौजवळच्या चिनहटमध्ये आहे असे समजा. डिसेंबरात कॅबिनेटमधली हवा 23 अंश असेल, तर पंखा बंद पडूनही चिप 23 + 66 = 89 अंशांवर राहील आणि कदाचित निभावून जाईल. मे महिन्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो. कॅबिनेटमधली हवा 45 अंश धरली, तर तीच चिप 111 अंशांवर जाते. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या बोर्डाचे वेगळे असतील.) म्हणून हिवाळ्यात घरघर ऐकली की उन्हाळ्याची वाट पाहू नका.

आधी आवाज नक्की कोणत्या पंख्याचा, ते ठरवा. वीज बंद करून चिपसेट पंख्याचा कनेक्टर काढा, संगणक दहा सेकंद चालवा आणि ऐका. हा प्रयोग प्रोसेसरच्या पंख्यावर करू नका. धूळ ब्लोअरने उडवताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून उरलेसुरले बेअरिंगही जाते. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडण्याची युक्ती चालते, पण काही आठवडेच.

नवा पंखा घेताना फक्त व्यास पाहणे ही नेहमीची चूक. 40 मिमीच्या प्रमाणित पंख्यात स्क्रूच्या दोन छिद्रांमधले अंतर 32 मिमी असते. जुन्याचे मोजून घ्या. जाडीही मोजा, कारण अनेक बोर्डांवर ग्राफिक्स कार्ड नेमके त्याच्यावर येते. व्होल्टेज बहुधा 12 असते. तीन पिनांपैकी तिसरी पिन फेऱ्यांची गती कळवते. दोन पिनांचा पंखा लावलात तर पंखा फिरत असूनही बोर्ड तक्रार करू शकतो. जागा असेल तर मोठा, हळू फिरणारा पंखा घ्या. गती निम्मी झाली की त्याच पंख्याचा आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो.

काम सुरू करण्यापूर्वी वायर काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवा. पंखा फक्त स्क्रूंनी बसवलेला असेल तर काम दहा मिनिटांचे. हीटसिंकही काढावा लागला तर त्याच्या पिना बहुधा बोर्डाच्या मागून दाबाव्या लागतात, म्हणजे बोर्ड बाहेर काढणे आले. इथे घाई नको. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते. संगणक थोडा वेळ चालवून ती कोमट करा, वीज बंद करा आणि हीटसिंक हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एका कडेने उचकटलात तर उघड्या चिपचा कोपरा तुटतो आणि पंख्यापायी बोर्ड जातो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये पंख्याची गती आणि चिपसेटचे तापमान वाचा. अर्ध्या तासाने पुन्हा वाचा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. मे महिन्यात भर दुपारी तुलनेला लागतील.