भूक कोठे लागते? : आतडे आणि मेंदू यांचा संवाद

'पोटात कावळे ओरडतात', 'भूक मेली', 'पोट भरले पण मन भरले नाही' हे वाक्प्रयोग तुम्ही अनेकदा केले असतील. भाषेचे अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. मराठी माणसाने भुकेचे ठिकाण कधी पोटात, तर कधी मनात मानले आहे. शरीरशास्त्रालाही नेमका हाच प्रश्न पडला होता.

१९१२ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॅनन व ए. एल. वॉशबर्न यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वॉशबर्नने रबरी फुगा गिळून तो जठरात ठेवला आणि जठराच्या हालचालींची नोंद घेतली. भुकेची कळ येई तेव्हाच जठर आकुंचन पावत असल्याचे दिसले. कावळे पोटातच ओरडतात, असा याचा अर्थ झाला. परंतु शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे पुढे लक्षात आले. तेव्हा केवळ जठराकडे बोट दाखवून भागणारे नव्हते.

आता वाशीम जिल्ह्यातील केनवडच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू आहे, अशी कल्पना करा. सकाळी न्याहारी करून आलेली बाई दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी सोडते. तिच्या रिकाम्या जठराने त्याआधीच 'घ्रेलिन' नावाचे संप्रेरक रक्तात सोडलेले असते. त्याचा शोध जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी १९९९ मध्ये लावला. घ्रेलिनचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोहोचला, की भूक जाणवते. ज्वारीची भाकरी आणि वरण पोटात जाऊ लागते, जठराची भिंत ताणली जाते आणि 'व्हेगस' या चेतेमार्फत ती वार्ता वर जाते. परिभाषेत हिला प्राणेशा तंत्रिका म्हणतात. हिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे आहेत. आज्ञा घेऊन खाली येणारे थोडेच. मेंदू हा हुकूम सोडणारा मालक, ही आपली समजूत येथे थोडी बदलावी लागते.

अन्नातील प्रथिने व स्निग्धांश लहान आतड्यात उतरले, की तेथील पेशी 'कोलेसिस्टोकायनिन' स्रवतात. या संप्रेरकामुळे खाणे आवरते घेतले जाते, हे १९७३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. आतड्याच्या खालच्या भागातून 'जीएलपी-१' आणि 'पेप्टाइड वायवाय' ही संप्रेरके येतात. या साऱ्याला पंधरावीस मिनिटे लागतात, म्हणून घाईघाईने जेवणाऱ्यास तृप्ती उशिरा कळते. शरीरातील जीएलपी-१ दोनएक मिनिटांतच निष्प्रभ होऊ लागते. त्याचीच नक्कल करणारे, पण दीर्घकाळ टिकणारे सेमाग्लुटाइड हे औषध आज मधुमेह व स्थूलता यांसाठी वापरले जाते.

आता 'भूक मेली' या प्रयोगाकडे वळू. घ्रेलिन जेवणाच्या नेहमीच्या वेळेच्या सुमारास वाढते, आणि विशेष म्हणजे त्या वेळी काही खाल्ले नाही तरी काही काळाने आपोआप उतरते. घरातील सर्वांची पाने उठल्यावर जेवायला बसणारी स्त्री 'आता भूकच राहिली नाही' म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. लाट ओसरलेली असते. शरीराची गरज मात्र तेवढीच शिल्लक असते. तिच्या या शब्दांना तिच्या त्यागाचे प्रमाणपत्र समजून आपण समाधान मानतो, हे मला योग्य वाटत नाही.

दीर्घकालीन हिशेब वेगळा आहे. तो चरबीच्या पेशी ठेवतात. त्यांच्यातून स्रवणारे 'लेप्टिन' १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. शरीरातील चरबी घटली, की लेप्टिन उतरते आणि मेंदू भूक वाढवतो. वजन कमी केलेल्या माणसाची भूक वाढते ती यामुळेही. तिला केवळ इच्छाशक्तीचा अभाव म्हणता येत नाही. मग स्थूल माणसास लेप्टिन दिले तर? तसे करून पाहिले गेले, पण फारसा उपयोग झाला नाही. कारण त्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर असते, मेंदूच त्यास दाद देत नाही.

महाराष्ट्रातील एक अभ्यास येथे आठवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या बालकांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू व अवयव लहान, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणजे दिसायला कृश असलेल्या शरीरातही चरबीचा वाटा मोठा असू शकतो, आणि लेप्टिनचा उगम तर चरबीतच आहे. कृश शरीर पाहून भुकेचा व मधुमेहाचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील बोलीत भूक व तृप्ती यांसाठी रूढ असलेले दहा शब्द किंवा वाक्प्रयोग जमवा. त्यांतील कोणते जठराच्या ताणाशी, कोणते जेवणाच्या वेळेशी आणि कोणते जिभेच्या आवडीशी निगडित आहेत, ते सुमारे १५० शब्दांत लिहा. घरातील वयस्क स्त्रियांना अवश्य विचारा.