जुनी गाडी थांबल्यावर तापते

२०२४ च्या मे महिन्यात मी पुण्याहून नागपूरला एकट्याने मोटार चालवत गेलो. मोटार आमच्या वडिलांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. तिच्या नोंदणीची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती आणि वडील ती भंगारात द्यायला निघाले होते. नागपूरचे काका म्हणाले, "स्वतःच्या चाकांवर इथवर आली तर मी ठेवीन. ट्रकवर चढवून आणू नका." सुमारे ७०० किलोमीटरांच्या या परीक्षेला गाडीची तयारी बरी होती, माझीच कच्ची होती.

जालन्यापासून समृद्धी महामार्ग धरता आला असता. पण तिथे ताशी १२० ची वेगमर्यादा, आमची स्वारी ६० वर खूश. शिवाय सावली नाही आणि मेकॅनिक हाकेच्या अंतरावर नाही. म्हणून सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा हा जुनाच रस्ता धरला.

नगर सोडल्यावर इमामपूरचा घाट लागतो. तिथे मी काट्याकडे डोळे लावून बसलो होतो. गाडी चढावर तापते एवढेच मला ठाऊक होते. काटा थोडा चढला आणि माथ्यावर वाऱ्याला लागताच उतरला. मी निर्धास्त झालो.

मेहकरजवळ दुपारी दोनला एका टपरीपुढे थांबलो, लगेच चावी फिरवली आणि चहाला बसलो. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरतो आहे, इंजिन पेट घेत नाही. मी पुन्हा पुन्हा चावी देत राहिलो, तसा स्टार्टरचा आवाज मंदावू लागला. एकट्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथे. धक्का मारायला दुसरा कोणी नसतो! शेजारी ट्रकखाली आडवे झालेले एक वृद्ध चालक डोके बाहेर काढून म्हणाले, "काहून बॅटरी मारता भाऊ? पंपावर ओला फडका टाका."

फडका टाकला. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. असे का झाले, ते मी नंतर नीट समजून घेतले.

इंजिन चालू असते तेव्हा पाण्याचा पंप पाणी फिरवतो, पंखा रेडिएटरमधून वारा ओढतो, आणि ताजे पेट्रोलही नळीतून सतत वाहत असते. चावी फिरवताच ही सगळी व्यवस्था एकदम थांबते. तापलेले लोखंड मात्र तापलेलेच राहते. त्याची धग बंद बॉनेटखाली कोंडते आणि वरच्या कार्ब्युरेटरला व इंजिनालाच जोडलेल्या पेट्रोलपंपाला लागते. पेट्रोलमधील हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. नळीत वाफ धरली की पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच मेकॅनिक लोक 'व्हेपर लॉक' म्हणतात. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलले जाते, त्यामुळे ही पीडा सहसा होत नाही.

म्हणजे जुन्या गाडीच्या प्रवासात कुठे आणि कसे थांबायचे, यालाच फार महत्त्व. त्यानंतर मी थांबल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे तसेच चालू ठेवी, मग बंद करून बॉनेट उघडी. जागा सावलीची आणि शक्यतो उताराची पाही, गाडीचे तोंड उताराकडे. बॅटरी दगा देईल तर दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. हा आमच्यासारख्या एकट्यांचा धक्का! रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. पंख्याचा जादा पट्टाही मी बरोबर घेतला होता. तो तुटला तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही बंद पडतात. सुदैवाने तो पिशवीतच राहिला.

रात्री कारंज्याला मुक्काम केला आणि पहाटेच्या गारव्यात वर्ध्याकडे निघालो. उन्हे चढण्यापूर्वी नागपूर गाठले. काका फाटकातच उभे होते. मी इंजिन चालू ठेवून खाली उतरलो, तर ते म्हणाले, "अरे, बंद कर की आता." मी म्हटले, "दोन मिनिटे थांबा."

ऑगस्टमध्ये गाडीच्या कागदांचे नूतनीकरण काकांनीच करून घेतले.