विजेचा सांधा कसा निवडावा?

तारेची खरी परीक्षा तिच्या सांध्यांत होते. आमच्या सिद्धेश्वर जलाशयाच्या कांठीं पंप बंद पडला कीं शेतकरी प्रथम मोटारीस दोष देतो. परंतु दोष कित्येकदां पेटींतील सैल स्क्रूचा असतो.

सैल जोडणीनें केवळ दशांश ओहम विरोध उभा केला, तरी १० अँपिअर प्रवाहानें तेथें १० वॉट उष्णता उत्पन्न होते. तांबें काळवंडतें, विरोध वाढतो, आणि उष्णताहि वाढते.

म्हणून टर्मिनल ब्लॉक घेतांना चार गोष्टी पाहाव्या: प्रवाह किती, तार किती जाड, हादरे बसतात काय, हवा दमट आहे काय. प्रवाहाहून थोडी अधिक क्षमता असावी. बहुतंतु तारेच्या टोकास धातूची बारीक नळी दाबून बसवावी. कथील लावूं नये, कारण तें स्क्रूच्या दाबाखालीं हळूहळू सरकतें व पकड ढिली होते. हादऱ्यांच्या जागीं स्प्रिंगची पकड बरी. दमट जागीं झांकणबंद पेटी हवी. क्षीण संकेतांसाठीं सोन्याचा मुलामा दिलेला कनेक्टर उत्तम, कारण सोनें गंजत नाहीं.

ही काळजी क्षुल्लक नव्हे. १९ सप्टेंबर २००८ रोजीं जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या महायंत्रांत चुंबकांमधील एक सदोष सांधा निकामी झाला. यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिलें. २०११ सालीं न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान असल्याचा भास झाला. त्याचें मूळ मुख्यतः नीट न बसलेल्या एका कनेक्टरांत सांपडलें. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यांतील लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ मध्यें मान्यता दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांनाहि अशा सांध्यांवरच विसंबावें लागेल.

तेव्हां वीज बंद करून स्क्रू आवळावा, आणि तार एकदां ओढून पाहावी. ती निसटली, तर काम अजून संपलें नाहीं.