जुने स्टिअरिंग, नवा रंग

मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. तशीच एक गाडी नाशिकला आमच्या घरी आहे. तिचे काळे रंगविलेले स्टिअरिंग उन्हात चटके देई, म्हणून मी ते बदामी केले.

रंग टिकतो तो पूर्वतयारीवर. प्रथम वर्षानुवर्षांचा घाम व तेलकटपणा साबणाने काढावा. भेगा एम-सीलने भराव्यात. ते सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे. मग प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. जाड थर लवकर सोलतो.

मात्र आतील लोखंडी कडेच हलत असेल, तर रंगाने ते झाकू नये, स्टिअरिंगच बदलावे. कसारा घाटाच्या वळणावर रंग नव्हे, पकड उपयोगी पडते.