गर्भाशयमुखाचा कर्करोग : पाणी पिकाला की तणाला?

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून येणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की त्यावरून कोणा बाईच्या चारित्र्याविषयी बोलणे केवळ अज्ञान होय. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या ठिकाणी मात्र ठाण मांडतो. मग त्याची ई-६ व ई-७ ही जनुके पेशींची वाढ आवरणारे आपले रखवालदार निकामी करतात. पी-५३ हे प्रथिन त्यांपैकीच एक.

जनुक असणे वेगळे, चालू असणे वेगळे. पाटात पाणी असले तरी दारे उघडल्याशिवाय वाफा भिजत नाही. जनुकांवरही रासायनिक खुणांची अशी दारे असतात, आणि कर्करोगात अनेक उपकारक जनुकांची दारे बंद पडतात. रक्तदाबावरील हायड्रालाझिन व फेफऱ्यावरील व्हॅलप्रोएट या जुन्या औषधांत ती उघडण्याचा गुण आढळला. पण दारे धरणाऱ्या कोणालाही सुचेल तीच शंका संशोधकांना आली : पिकाबरोबर तणही पाणी प्यायले तर? विषाणूचीच जनुके जोमाने चालू झाली तर?

मेक्सिकोतील संशोधकांनी २००७ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील काही पेशींत ई-६, ई-७ खरोखरच वाढले. तरी पेशींची वाढ मंदावली. रुग्ण स्त्रियांच्या गाठींत मात्र बहुतेक ठिकाणी ते तेवढेच राहिले किंवा घटले, आणि काहींत पी-५३ला बळ मिळाले. उत्तर धीर देणारे खरे, पण एवढ्यावर उपचार ठरत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी हेच आजही मुख्य उपचार आहेत. घरातली फेफऱ्याची गोळी कोणी या रोगासाठी देऊ नये; व्हॅलप्रोएट तर गर्भातील बाळालाही घातक ठरू शकते.

तण माजण्याआधी वावर पाहण्याचा लाभ किती, हे शेजारच्या मराठवाड्यात दिसले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, आपल्या मुधोळसारख्याच शेतीवर जगणाऱ्या गावांत बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली आले. विषाणूची तपासणी ज्या गटाला एकदाच देऊ केली, त्यातील सुमारे ३४ हजारांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न दिलेल्या सुमारे ३१ हजारांत ६४. या स्त्रिया कसलाही त्रास नसताना तपासल्या गेल्या होत्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तपासणी-शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.