तिसरी तार

बंगळूरच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग रेशमी व सुती कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. कन्नड भाषेत 'चिक्क' म्हणजे लहान. शेजारच्या दोड्डपेटेच्या, म्हणजे मोठ्या पेठेच्या मानाने ही लहान पेठ. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी भाषकांचा या शहराशी संबंध आहे. विजेशीही या शहराचा संबंध जुना आहे. कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण होणाऱ्या विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी येथील रस्त्यांवर दिवे लागले.

चिकपेटहून थोडे चालत गेले की सदर पत्रप्पा रस्ता लागतो. लोक त्याला एस. पी. रोड म्हणतात. विजेच्या वस्तू, सुटे भाग आणि हत्यारे यांची दुकाने या परिसरात दाटीवाटीने उभी आहेत. सुतार, फरशी बसवणारे, वेल्डिंग करणारे येथे ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर घेण्यास येतात. किंमत किती, मोटर किती वॉटची, गॅरंटी किती दिवसांची, हे प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हत्याराच्या वायरीच्या टोकाला किती पिना आहेत, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. खरे म्हणजे विकत घेणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न तेथेच असतो.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. हत्याराकडे ती फेजच्या तारेने येते व न्यूट्रलच्या तारेने परत जाते. मोटर चालण्यास या दोन तारा पुरेशा आहेत. मग तिसरी, हिरवी किंवा हिरव्या-पिवळ्या रंगाची तार कशासाठी? ती मोटरला जोडलेलीच नसते. तिचे एक टोक हत्याराच्या धातूच्या अंगाला आणि दुसरे, भिंतीतील वायरिंगमार्फत, जमिनीला जोडलेले असते. वापरता वापरता आतील तारेवरचे आवरण झिजते आणि फेजची तार धातूच्या अंगाला टेकते. तिसरी तार शाबूत असेल तर वीज त्या सोप्या वाटेने एकदम जमिनीकडे धावते, फ्यूज उडतो आणि हत्यार बंद पडते. ती नसेल तर काहीच घडत नाही. हत्यार पूर्वीप्रमाणेच चालत राहते. फक्त त्याच्या अंगावर २३० व्होल्ट येऊन बसलेले असतात आणि जमिनीकडे जाण्याची वाट म्हणून ते कामगाराचे शरीर निवडतात.

येथे अनेकांच्या मनात एक गैरसमज असतो. शॉक बसला तर फ्यूज उडेल, असे त्यांना वाटते. थोडा हिशेब करून पाहू. ओल्या किंवा घामट शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, किती प्रवाहापर्यंत माणूस हातातील तार सोडू शकतो, हे मोजले. पुरुषांसाठी ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांसाठी १०.५ निघाली. त्यापुढे स्नायू आखडतात व मूठ उघडतच नाही. 'विजेने धरून ठेवले' असे लोक म्हणतात ते यामुळे. आता घरातील फ्यूज पाहा. तो १६ अँपिअरचा असेल, तर त्यातून १६,००० मिलिअँपिअर प्रवाह सुखाने वाहतो. माणसाचा प्राण जात असताना त्या फ्यूजला काही विशेष घडल्याचे कळतही नाही. फ्यूज आणि एमसीबी ही वायर जळू नये यासाठी बसवलेली साधने आहेत, माणसासाठी नव्हेत.

माणसासाठी असते ते आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच वीज तोडते. डाल्झिएल यांनीच १९६१ मध्ये या तत्त्वावरील संरक्षक साधन तयार केले. बोर्डावरील त्याचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल आले, तर त्यालाही काही कळत नाही, हे लक्षात असू द्या.

थ्री पिन टॉपमधील अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते. टॉप खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, असा त्यामागे विचार आहे. पण कामाच्या घाईत आपण काय करतो? बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापून टाकतो, किंवा टॉपच काढून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचतो. अशा बोर्डावर लाखभर रुपयांचे काम चाललेले असते आणि टॉप जेमतेम शंभरेक रुपयांचा असतो!

काही हत्यारांना दोनच पिना असतात, त्यांचे काय? त्यांच्या नामपट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह आहे का, ते पाहावे. चिन्ह असेल तर हत्यारात विजेपासून दुहेरी आवरण आहे आणि अर्थिंगची आवश्यकता नाही. चिन्ह नाही, अंग धातूचे आणि पिना दोनच, असे हत्यार कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दुहेरी आवरणाचे हत्यारही पाण्यात किंवा पावसात वापरायचे नसते.

विजेइतकीच काळजी ग्राइंडरच्या चकतीची घ्यावी लागते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे त्याच्या चकतीची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते. सात इंची चकती साधारणतः ताशी २८८ किलोमीटरपर्यंतचा वेग सोसेल अशी बनवलेली असते. गार्ड काढून ती या लहान ग्राइंडरला लावली, तर कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे जातो. मग ती फुटली तर आश्चर्य ते काय? चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा यंत्रावरील आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावण्याची प्रथा तर सर्वांत घातक आहे. दात लाकडात अडकताच यंत्र उलटून अंगावर येते.

गॉगल लावावा, हे आता बहुतेकांना माहीत आहे. सैल हातमोजे, पदर, ओढणी किंवा मफलर ड्रिलच्या फिरत्या बिटाजवळ नेऊ नये, हे तितकेसे माहीत नसते. वीज गेली तर हत्याराचे बटण आधी बंद करावे. ते दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवले असेल, तर वीज येताच जमिनीवर पडलेला ग्राइंडर आपोआप फिरू लागतो. चकती बदलताना टॉप बोर्डातून काढूनच ठेवावा. फरशी कापताना उडणारी धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा कायमचा आजार होतो. म्हणून पाणी सोडून कापणाऱ्या यंत्रानेच फरशी कापावी आणि योग्य मास्क वापरावा.

एखाद्या सोबत्याला विजेने धरले, तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने हत्यार किंवा तार दूर सारावी; तसे करताना स्वतः कोरड्या फळीवर उभे राहावे. तो श्वास घेत नसेल, तर कोणाला तरी ११२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगून ताबडतोब छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. तो उठून बसला, 'मला काही झाले नाही' म्हणाला, तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. विजेच्या धक्क्याने हृदयाची बिघडलेली लय बाहेरून दिसत नाही.